ताशी तीन मैलांसाठी हेड्स

चार जुलैच्या मिरवणुकीच्या मानकरी इनेझ क्रूम, वय वर्षं एक्याऐंशी, कोर्टासमोरच्या व्यासपीठाशी पोचल्या, तेव्हा मिरवणूक यायला अजून अकरा मिनिटं होती. व्यासपीठावर एकच माणूस होता आणि तो खुर्च्या मांडत होता.

हे झालं नाही. लिंडन गॅप गावात कुणालाही विचारा. समितीच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलंय, 'मिरवणूक शिस्तीत पार पडली.' तो खुर्च्या मांडणारा माणूसही आता शपथेवर सांगतो की त्या दिवशी आपण खुर्च्या मांडल्याच नाहीत, सगळे उभे होते. तेव्हा जे झालं नाही ते बाजूला ठेवू, आणि जे झालं ते सांगू. म्हणजे हेड्सचं.

इनेझचा मुलगा लॉवेल त्रेचाळीस वर्षांचा. काउंटीच्या शाळांच्या बस दुरुस्त करायचा. बस दुरुस्त करून उरलेला जीव त्यानं एका सत्तर सालच्या शेव्हेल गाडीत ओतला होता. गाडी आईच्या गराजमध्ये उभी होती, आणि तिचं चारशे चोपन्न घनइंचांचं इंजिन शेजारी लोखंडी घोड्यावर टांगलेलं होतं. खालचं सगळं काम झालेलं. फक्त वरची दोन हेड्स, म्हणजे ज्यांतून हवा इंजिनात शिरते ती जड झाकणं, नव्हती. त्यामुळे इंजिन आठ भोकं छताकडे करून, घरट्यातल्या पिल्लांसारखं आ वासून बसलेलं असायचं. इनेझ वाळलेले कपडे काढायला आली की त्यावर चादर टाकायची. म्हणायची, "असं कुणाकडे बघू नये."

मे महिन्यात समितीचं पत्र आलं. यंदाची मानकरी इनेझ. कारण सरळ होतं. तिनं चव्वेचाळीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला होता. गावातला बहुतेक प्रत्येक माणूस तिच्या हातचं खाऊन मोठा झाला होता, आणि त्यातल्या निम्म्यांना तिनं समोर उभं राहून गाजरं संपवायला लावली होती. मानकऱ्याला घरच्या गाडीतून मिरवायची मुभा होती. पत्रासोबत नियम होते. वेग ताशी तीन मैल, म्हणजे बँडच्या पायांचा. गाडी बंद पडली तर दोनदा माफ. तिसऱ्यांदा पडली, तर मानकऱ्याला उतरवून राखीव वाहनात बसवण्यात येईल.

राखीव वाहन म्हणजे इनेझच्या जावयाची, रॉइस टॅकेटची गोल्फकार्ट. बॅटरीवरची, पांढरी, पेले ठेवायला सहा खाचा असलेली.

"त्यात मागची सीट उलटी आहे," इनेझ पत्र वाचून म्हणाली. "तोंड मागे करून बसायचं. सगळं गाव आपल्यापासून लांब लांब जाताना बघत राहायचं. ते मी एकदा करणारच आहे, पण तेव्हा आडवी असेन."

"आई, त्या कार्टात तू बसणार नाहीस. शब्द देतो."

"शब्द नको. इंजिन दे."

दुसऱ्याच दिवशी दोघं मिस ओपलकडे गेली. मिस ओपल हेन्स्ली धान्याच्या गिरणीमागच्या शेडमध्ये इंजिनांची यंत्रकामं करायच्या. सत्तरीच्या, चष्मा साखळीला, आणि हाताची नखं कुणाही डॉक्टरपेक्षा स्वच्छ. त्यांच्याकडे हेडमधून किती हवा जाते ते मोजायचं यंत्र होतं. ते यंत्र घूं घूं करत हवा ओढायचं, आकडा दाखवायचं, आणि मिस ओपल तो आकडा चिठ्ठीवर लिहून खाली सही करायच्या. त्या सहीपुढे काउंटीत जन्मदाखल्याचीही पत्रास नव्हती.

टेबलावर हेड्सच्या दोन जोड्या होत्या. पहिली लोखंडी, काळपट, हवा आत जायची तोंडं अंडाकृती. एका बटाट्याच्या ट्रकवरून उतरवलेली. दुसरी ॲल्युमिनियमची, चकचकीत. तिची तोंडं चौकोनी, आणि एवढी मोठी की लॉवेलची मूठ आत जाऊन खुशाल पसरून बसली असती.

"ही," मिस ओपलनी लोखंडी जोडीवर थाप मारली. "दोनशे एकाहत्तर. आणि ती तीनशे ब्याण्णव."

लॉवेलच्या तोंडातून बारीक आवाज निघाला.

"आवाज काढू नकोस," मिस ओपल म्हणाल्या. "तीनशे ब्याण्णव कामाचे मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर. मिरवणुकीत तू सहा हजारांवर कशाला जाशील? हळू चालताना एवढ्या भोकातून हवा रेंगाळते. पेट्रोल तिच्यात मिसळत नाही, गळून पडतं. गाडी खोकते, रुसते, मरते."

"पण तीनशे ब्याण्णव, मिस ओपल."

"मी मोजलंय. मला माहीत आहे."

इनेझ इतका वेळ दोन्ही भोकांमध्ये आळीपाळीनं डोकावत होती. ती सरळ झाली. "माझ्या कँटीनला आधी मोठं दार होतं," ती म्हणाली. "सहाशे पोरं, बावीस मिनिटं. मोठं दार असलं की पोरं दारातच गप्पा मारत उभी राहायची. मग मी दोन टेबलं आडवी लावली आणि वाट एका पोराएवढी केली. लागली पळायला. मागचा ढकलतो, पुढचा सुटतो. दार लहान असलं की पोराला वाटतं आत काहीतरी आहे."

मिस ओपलनी चष्मा काढला. "पन्नास वर्षं मी हे लोकांना समजावतेय," त्या म्हणाल्या. "इंजिनियर समजावले, एक पाद्रीसुद्धा समजावला. तुम्ही कँटीनमध्ये नेमकं काय करत होता?"

"स्वयंपाक."

"वाया गेलात."

"लोक जेवले की," इनेझ म्हणाली, आणि विषय मिटला. अंडाकृती घ्यायची ठरली. लॉवेलनंही मान हलवली. मनापासून हलवली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

मग शनिवार आला.

शनिवारी सकाळी डोनटच्या दुकानात गावातले इंजिनवाले जमायचे. तिथली एक रीत होती. कुणी नवी हेड्स ठरवली की त्यानं मिस ओपलची चिठ्ठी काउंटरवर ठेवायची आणि बाकीच्यांनी आपापल्या पाकिटातल्या चिठ्ठ्या काढून शेजारी मांडायच्या. कुणी काही बोलायचं नाही. सगळ्यांनी नुसतं बघायचं, आणि ज्याचा आकडा सगळ्यात लहान त्यानं उठून सगळ्यांना कॉफी ओतायची. एकानं आपली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये मढवली होती. एकाचं इंजिन अकरा वर्षांपूर्वी विकलेलं, चिठ्ठी अजून होती. त्याच्या मुलीच्या लग्नात वधूपित्याचं भाषण विसरल्यावर त्यानं तीच वाचून दाखवली होती, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

लॉवेलनं दोनशे एकाहत्तरची चिठ्ठी ठेवली.

तळणीतला एक डोनट स्वतःहून उलटला.

"आईला मिरवायचंय ना," प्लास्टिकवाला समजूतदारपणे म्हणाला. "मग बरोबर आहे. लहान मुलांच्या गाडीला पण चाकं असतातच."

रॉइस कोपऱ्यात साखरेचा डोनट खात बसला होता. त्याच्याकडे इंजिन नव्हतं, हेड नव्हतं, चिठ्ठी नव्हती. त्यामुळे त्याला हरायची सोयच नव्हती. "छान निवड," तो ओठांवरची साखर पुसत म्हणाला. "म्हातारीला शोभतील. आणि काही झालंच तर मी आहे मागे. गादी नवी घातलीय मागच्या सीटला."

लॉवेलनं उठून सगळ्यांना कॉफी ओतली. नऊ पेले. तिथून तो थेट मिस ओपलच्या शेडवर गेला.

"चौकोनी द्या," तो म्हणाला.

"आईला विचारलंस?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

"अंडाकृती."

मिस ओपलनी त्याच्याकडे, एखाद्या चीर गेलेल्या हेडकडे बघावं तसं बघितलं. "ने," त्या म्हणाल्या. "पण चिठ्ठीवर मी लिहून देणार." आणि त्यांनी 'तीनशे ब्याण्णव'खाली लिहिलं, 'माझ्या सल्ल्याविरुद्ध', आणि सही केली.

मोठी हेड्स एकटी येत नाहीत. ती आली की त्यांना साजेसं हवेचं मोठं नळकांडं लागतं. ते आलं की वर मोठा कार्बोरेटर लागतो. एवढी हवा घ्यायची तर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहायला हवेत, म्हणून कॅमशाफ्टही दांडगा लागतो. लॉवेलनं सगळं घातलं. एका पाहुण्यासाठी दार उघडावं आणि मागोमाग त्याची सगळी वरात आत यावी, तसं झालं. शेवटी इंजिन सुरू केलं तर ते तीन हजारांच्या खाली जगायलाच तयार होईना. धडाड-धड, धड, धडाड, आणि मग मध्येच इतकी लांब शांतता की माणसानं टोपी काढावी.

राहिला रंग. आईला लोखंडी सांगितलं होतं आणि ही हेड्स चांदीसारखी लखलखत होती. एका दुपारी ती चर्चच्या भजनाच्या तालमीला गेली, तेव्हा लॉवेलनं दोन्ही हेड्सना जुन्या इंजिनांचा नारिंगी रंग मारला. परत आल्यावर इनेझनं बॉनेटखाली डोकावून बघितलं.

"ट्रकची आहेत तरी छान दिसतात," ती म्हणाली.

"हो ना," लॉवेल म्हणाला, आणि त्यानं बॉनेट इतक्या हळू बंद केलं की जणू आत बाळ झोपलं होतं.

चार जुलैला सकाळी नऊ वाजता मिरवणूक पशुखाद्याच्या दुकानासमोर लागली. सगळ्यात पुढे घोडेस्वार, मग शाळेचा बँड, मग मानकऱ्याची गाडी. तिच्यामागे नवी गादी घातलेली गोल्फकार्ट, आणि त्यामागे बाकीचं गाव. निघण्याआधी सगळे गाडीवाले बॉनेट उघडून उभे राहतात, लोक येऊन इंजिन बघतात. इनेझ नव्या निळ्या टोपीत खाली उतरली. तिच्याकडे समितीनं दिलेलं 'मानकरी' लिहिलेलं कार्ड होतं. ते इंजिनावर लावून फोटो काढावा म्हणून तिनं पर्समधून कोंबड्याच्या आकाराचं चुंबक काढलं. घरच्या फ्रिजवरचं. कार्ड हेडवर धरून चुंबक लावलं.

कोंबडा खाली पडला.

तिनं पुन्हा लावला. पुन्हा पडला. तिनं तो गाडीच्या पत्र्यावर लावला. टक्कन चिकटला. हेडवर लावला. पडला.

"लॉवेल."

"हं."

"लोखंडाला चुंबक चिकटतं, हे मला वाटतं अजून तसंच आहे."

लॉवेलनं कोंबड्याकडे बघितलं. कोंबडा त्याला काही मदत करणार नव्हता.

"किती?" इनेझनं विचारलं.

"तीनशे ब्याण्णव."

"आणि तीनवर चालेल?"

"तीन हजारांवर चालेल."

"मी मैल विचारतेय."

"नाही चालणार, आई. चुकलंच. डोनटच्या दुकानात रॉइस बोलला आणि माझं डोकं फिरलं."

"काय बोलला?"

"म्हातारीला शोभतील म्हणाला."

इनेझनं मागे वळून गोल्फकार्टकडे बघितलं. रॉइसनं हात हलवला आणि गादी थोपटून फुगवली. इनेझनं बॉनेट स्वतःच्या हातानं धाडकन बंद केलं.

"बस आत," ती म्हणाली.

मिरवणूक निघाली. समितीचे अध्यक्ष हर्शल प्रुइट शिट्टी तोंडात धरून गाडीच्या बाजूनं चालत होते. लॉवेल अर्ध्या क्लचवर गाडी ढकलत होता. त्याचा डावा पाय शिवणयंत्रावर बसवल्यासारखा चालला होता. इंजिन धडाड-धड, धड, धडाड करत होतं. गंमत अशी की बँडचा मोठा ढोलवाला अगदी पुढ्यातच होता, आणि हा आवाज त्याच्या पाठीतून आत शिरत होता. पन्नास पावलांत त्याचा ठेका गाडीशी जुळला. मग सगळ्या बँडचा जुळला. साठ पोरं एक पाय टाकायची, दुसरा टाकायची, तिसऱ्याला हवेतच थांबायची, आणि मग एकदम दोन टाकायची. बासरीवाल्या पोरी एकमेकींवर आदळत होत्या. रस्त्याकडेच्या लोकांना वाटलं यंदा काहीतरी आधुनिक बसवलंय.

बँकेसमोर गाडी बंद पडली.

"क्रूम, एक!" हर्शल ओरडले.

ती सुरू झाली. दातांच्या दवाखान्यासमोर पुन्हा बंद पडली. धुरानं डॉक्टरांची पाटी दिसेनाशी झाली.

"क्रूम, दोन! अजून एक आणि बाई कार्टात!"

मागून रॉइसनं बारीकसा भोंगा वाजवला. त्या भोंग्याचा आवाज बदकासारखा होता. "सासूबाई, घाई नाही हं," तो म्हणाला. "गादीला ऊन लागू देत नाहीये मी."

इनेझ समोर बघून हात हलवत होती. तिच्या मांडीवर टॉफ्यांची मोठी पिशवी होती, आणि गावाला दिसणारं तिचं हसू जागच्या जागी होतं. ओठ न हलवता ती म्हणाली, "तिसऱ्यांदा पडणार?"

"पडणार. पारा चढलाय, प्लग बुडालेत. ह्या कोपऱ्यापर्यंत जाईल फार तर."

"ह्या तुझ्या हेड्सना नक्की कितीवर बरं वाटतं?"

"साडेतीन हजारांच्या पुढे."

"आणि मला पुढे तोंड करून कोर्टापर्यंत जायचंय."

"हो."

"मग वाटू दे त्यांना बरं," इनेझ म्हणाली, आणि तिनं टोपी दोन्ही हातांनी दाबून धरली. "डाव्या बाजूनं घाल. तिथं दोरीमागे कुणी नाही, सगळे सावलीत उजवीकडे उभे आहेत. मी सहाशे पोरांची रांग लावलीय, मला मोकळी जागा कळते."

लॉवेलनं क्लच सोडला.

आधी काहीच झालं नाही. इंजिननं एक उचकी दिली, दोन दिल्या, आणि आता हे मरतंय असं वाटत असतानाच त्या आठ चौकोनी तोंडांतून हवा अशी आत शिरली, जणू ती गेले पाच आठवडे दाराशी उभी राहून कुणीतरी बोलवायची वाट बघत होती. धडधड संपली. एकच सलग गर्जना उरली, गुळगुळीत, गरम, सुंदर. गाडीचं नाक वर उचललं. बँकेच्या काचा थरारल्या. डोनटवाले टोळकं रस्त्याकडेला उभं होतं. सगळ्यांनी मुकाट टोप्या काढल्या, आणि प्लास्टिकवाल्यानं पाकीट काढून आपल्या चिठ्ठीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा आत ठेवलं.

"आई, बँड!"

"दिसतोय. पोरांनो, रांग एका बाजूला!" इनेझ खिडकीतून ओरडली, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या त्या आवाजासरशी साठ पोरं, ढोलासकट, एका ओळीत उजवीकडे झाली. एकही सूर थांबला नाही. उलट गाडीनं ठेका बदलल्यामुळे सगळे त्याच तालावर निघाले आणि गावच्या इतिहासात पहिल्यांदाच बँड पळत पळत वाजवायला लागला. घोडे मात्र शांत होते. एकानं मान वळवून इनेझकडे बघितलं, इनेझनं त्याला हात केला.

ताशी बेचाळीस मैलांनी ती टॉफ्या वाटत होती. टॉफ्या लोकांपर्यंत पोचत नव्हत्या, घरांपर्यंत पोचत होत्या. न्हाव्याच्या दुकानाची पाटी टण्णकन वाजली. लॉवेल हसत होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि इनेझ वाऱ्याच्या वरताण ओरडत होती, "दार मोठं आहे रे, पण पोरं पळतायत!"

मागे बऱ्याच लांबवर एक बदक ओरडत होतं. गोल्फकार्टचा वेग चौदाच्या वर जात नाही.

कोर्टासमोर गाडी थांबली आणि अर्थातच तिसऱ्यांदा बंद पडली. पण तिथं मोजायला कुणी नव्हतं. एक माणूस होता, तो खुर्च्या मांडत होता. त्यानं इनेझला एक दिली.

सोमवारी समितीची बैठक झाली. हर्शल वही उघडून बसले होते. इनेझ पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर हात, टोपी तीच.

"मिरवणुकीत काही अनुचित प्रकार घडला का?" हर्शलनी विचारलं, आणि सगळ्या खोलीकडे बघितलं. खोलीनं इनेझकडे बघितलं. त्या खोलीतल्या प्रत्येकानं तिच्या हातचं खाल्लं होतं.

"मी सांगतो काय घडलं," रॉइस उठला.

"रॉइस," इनेझ म्हणाली. "तिसरीत असताना तू किती वेळा नाव बदलून दुसऱ्यांदा पुडिंग घेतलंस, ते मला आठवतं. कुठली नावं सांगितलीस तेही आठवतं. तुला काय आठवतं?"

"बँड छान वाजला," रॉइस म्हणाला, आणि बसला.

हर्शलनी लिहिलं, 'मिरवणूक शिस्तीत पार पडली.' लिहून झाल्यावर त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. हर्शल नियमांचे पक्के होते. मिरवणूक शिस्तीत पार पडली, म्हणजे सगळे ताशी तीन मैलांनी गेले. आणि ताशी तीन मैलांनी कोर्टापर्यंत गेलेल्यांत कुणीही मानकरी नव्हता. तेव्हा इनेझचा मान अजून व्हायचाच होता. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मानकरी, असा ठराव एकमतानं झाला. रॉइसनंही हात वर केला. त्याचा हात बहुधा इनेझनं नुसतं बघूनच वर करवला.

घरी जाताना लॉवेल म्हणाला, "मिस ओपलकडे ती अंडाकृती अजून पडून आहेत. वर्ष आहे हातात. उद्याच बदलतो."

गाडी गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला लागली. इनेझनं काच खाली केली.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "हेड्स ठीक आहेत. मिरवणूक हळू आहे."

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिनं सांगितलं आणि लॉवेलनं लिहिलं:

'प्रति, अध्यक्ष, चार जुलै मिरवणूक समिती, लिंडन गॅप.
विषय: मिरवणुकीचा वेग सुधारण्याबाबत.
महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, ताशी तीन मैल हा वेग चौकोनी तोंडाच्या हेड्सच्या प्रकृतीस मानवत नाही. सबब पुढील वर्षापासून मिरवणुकीचा किमान वेग ताशी चाळीस मैल करण्यात यावा. बँडमधील विद्यार्थ्यांस धावण्याचा सराव जानेवारीपासून द्यावा व ढोल हलक्या वजनाचा करावा. घोड्यांची हरकत असल्यास त्यांच्याकडून तसे लेखी घ्यावे. ज्यांना हा वेग झेपणार नाही, त्यांनी आदल्या दिवशी निघावे. तरी सदर अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन त्वरित मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.'